पंजाबरावांची बढती

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता पंजाबराव मनवरांनी टीव्हीसमोर प्लास्टिकची खुर्ची ओढली, डोक्याला रुमाल बांधला आणि बायकोला बजावलं, "गाडी सुटून राह्यली. आता मले आवाज देऊ नोको."

तुळसाबाई चहा गाळत होत्या. "चहा इथंच घेता का पुढच्या स्टेशनावर पाठवू?" त्यांनी विचारलं. ड्युटीवरचा माणूस असल्या प्रश्नांना उत्तर देत नसतो.

हे सगळं नातीमुळे झालं. उर्वशी यवतमाळला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सोमवारी तिच्या कॉलेजात जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन होतं आणि सरांनी कपाटातून चाळीस वर्षांपूर्वीचा एक घरगुती कॉम्प्युटर काढून तिच्या हातात दिला होता, चालतो का बघ म्हणून. घरगुती कॉम्प्युटर म्हणजे नुसता जाडजूड कीबोर्ड. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि खेळ टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून आत भरायचा. नव्या पातळ टीव्हीला त्याची वायर बसेना. बोरी अरबला आजोबांकडे मात्र डब्बा टीव्ही होता आणि टेपही होता, कारण मनवरांच्या घरात चालू वस्तू टाकायची पद्धत नाही. बंद पडलेलीही टाकत नाहीत, असं तुळसाबाई नवऱ्याकडे बघून म्हणत असत.

गुरुवारी संध्याकाळी उर्वशीने कॅसेट लावली तेव्हा खेळ आत भरला जाईपर्यंत पाच मिनिटं घरभर अशी किंचाळी उठली की शेजारची कोकिळा कुंपणावरून डोकावली. "काय व मावशी, मिक्सरमधी चमचा गेला का?"

मग पडद्यावर इंजिन आलं. कोळशाचं. हिरव्या रेघांचे डोंगर, काळे रूळ, आणि धुराड्यातून पांढऱ्या चौकोनांचा धूर. कोणत्या बटणाने कोळसा टाकायचा, कोणत्याने बॉयलरमध्ये पाणी सोडायचं, कोणत्याने वाफ सोडून गाडी पळवायची, हे उर्वशी समजावू लागली आणि दोन मिनिटांत तिच्या लक्षात आलं की आजोबा तिलाच समजावतायत.

"आधी कोपऱ्यात टाक कोळसा. कोपऱ्यात! मधात ढीग केला तर आग गुदमरते. ह्या खेळवाल्याले सांगणारं कोणी होतं का नाई?"

खेळवाल्याने एक गोष्ट मात्र बरोबर केली होती. त्यात खेळणारा आधी क्लीनर असे, म्हणजे इंजिन पुसणारा. मग फायरमन. आणि सातही स्टेशनं घेऊन गाडी शेवटपर्यंत वेळेत नेली, तर ड्रायव्हर.

"कोण क्लीनर? मी?" पंजाबराव खुर्चीतून अर्धे उठले.

"आबा, सगळ्यांले तिथूनच सुरू करा लागते."

"मंग केलं ना मी सुरू! एकाहत्तर साली!"

खरंच केलं होतं. गावातून जाणाऱ्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीवर सहा वर्षं इंजिन पुसलं, सोळा वर्षं कोळसा टाकला. ड्रायव्हरची परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्यांदा पास झाले. बढतीचा कागद हातात आला त्याच महिन्यात कोळशाची इंजिनं बंद होऊन डिझेल आलं. पंजाबरावांना फाटकावर पाठवलं. जी गाडी चालवायची होती तिला पुढची चौदा वर्षं हिरवी झेंडी दाखवत ते उभे राहिले. नशिबाला विनोदबुद्धी असते म्हणतात. असेल बापडी, पण ती फार हलक्या दर्जाची असते. पुढे गाडीही बंद पडली, रुळांत बाभळी उगवल्या, आणि गावात त्यांचं नाव 'पंजाब फायरमन' पडलं ते पडलंच. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा लोक तसंच लिहून आणत.

खेळात ते अर्ध्या तासात क्लीनरचे फायरमन झाले. "सहा वर्षांचं काम अर्ध्या तासात!" ते तुळसाबाईंना ओरडून म्हणाले. "ह्याले म्हणतात सरकार!" आणि त्याच क्षणी त्यांच्या मनाने घेतलं की रविवारी दुपारी चारच्या एसटीने उर्वशी कॉम्प्युटर घेऊन जाईल, त्याच्या आत आपण ड्रायव्हर व्हायचं. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाने खेळातल्या बढतीसाठी जीव टाकावा का? टाकू नये. पण खरी बढती कोणी देणार होतं का त्यांना?

तर शुक्रवारी सकाळची ती पहिली फेरी; कॉम्प्युटर रात्रभर चालूच ठेवला होता. दोन स्टेशनं झकास गेली. पूल ओलांडला आणि पंजाबरावांनी गाडी थांबवली.

"आबा, काहून थांबवली?"

"माणूस आहे ना. हात करून राह्यला."

उर्वशीने पाहिलं. रुळाच्या कडेला एक पांढरी उभी रेघ होती आणि वरच्या टोकाला एक तिरपी.

"आबा, तो खांब आहे."

"खांब हात करते का?"

नॅरोगेजवर कोणी हात केला की गाडी थांबायची. तसा नियम नव्हता, रिवाज होता. आणि थांबायची म्हणजे नुसता ब्रेक लावून भागत नसे. माणूस धावत येणार, मागून त्याचं गाठोडं येणार, गाठोड्यामागून बकरी येणार, आणि खाली राहिलेली म्हातारी वर चढलेल्या म्हातारीला निरोप सांगणार. पंजाबराव तीन मिनिटं थांबले. मग शिटी देऊन निघाले. शेवटच्या स्टेशनावर गाडी चार मिनिटं उशिरा पोचली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली.

"काय लिवलं?"

"उशीर झाला. तुम्ही फायरमनच राहाल."

पंजाबरावांनी त्या अक्षरांवर बोट टेकवलं. "कोण्या सायबानं लिवलं हे? ओळखीचं वाटून राह्यलं."

दुसऱ्या फेरीत त्यांनी पुलापुढे थांबून, गेलेला वेळ भरून काढायला गाडी इतकी पिटाळली की पाणी संपून बॉयलर बसला. तिसरी फेरी सहाव्या स्टेशनात असताना लाईट गेली. खेळ कॅसेटवर साठवून ठेवायचा असतो हे उर्वशी विसरली होती. दुपारी लाईट आली तेव्हा पंजाबराव पुन्हा क्लीनर झाले होते. दातओठ खात त्यांनी पुन्हा इंजिन पुसलं.

तुळसाबाईंचं डोकं तोवर फिरलं होतं. दोन दिवस टीव्ही नाही, घरात माणूस असून नसल्यासारखा, आणि वर "पाणी आण, बॉयलर तापला" असं ऐकून त्या एकदा खरंच तांब्या घेऊन धावल्या होत्या. नळावर कोकिळेने सहज विचारलं, "मावशी, मोसाजी दिसून नाई राह्यले?"

"ड्युटीवर गेले," तुळसाबाई हंडा आपटून म्हणाल्या. "साडेसातची गाडी आहे त्याह्यची!"

कोकिळेला टोमणा कळत नाही. तिने घरी जाऊन मोबाइलवर गावच्या ग्रुपात टाकलं: 'पंजाब फायरमन पुन्हा ड्युटीवर. सकाळी साडेसातची गाडी.' ग्रुपात चारशे माणसं. त्यांतल्या एकालाही गाडी सुरू झाल्याचं कुठे दिसलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ते पुढे पाठवलं.

शनिवारी सात वाजता मनवरांच्या अंगणात माणसं जमू लागली. एकाने गाडी लाडखेडला थांबते का विचारलं. दुसऱ्याने म्हाताऱ्यांना सवलत आहे का विचारलं. गाडीसाठी दर वर्षी निवेदनं देणारे बादल पुढारी हार घेऊन, फोटोवाल्यासकट आले आणि अंगणातूनच म्हणाले, "आपल्या पाठपुराव्याले यश आलं!" गाडी टीव्हीत आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण हार आणला होता, फोटोवालाही आणला होता. त्यांनी हार टीव्हीला घातला, फोटो काढून घेतला आणि निघून गेले. संध्याकाळी तो फोटो 'पहिल्या टप्प्यास प्रारंभ' असं लिहून फिरला. खोटं काय होतं त्यात?

सगळ्यांत शेवटी डोंगरसिंग आला. गावाबाहेरच्या रेल्वेपुलापलीकडच्या तांड्यातला, पंजाबरावांच्याच वयाचा. स्वच्छ पांढरं धोतर, लाल पागोटं, हातात रेक्झिनची पिशवी. यवतमाळला डोळे दाखवायचे होते. मोतीबिंदू पिकला होता.

"जय भीम, पंजाब भाऊ. गाडी कुठं लावली?"

"जय सेवालाल. बस," पंजाबराव ओशाळून म्हणाले. "पोरीचा खेळ आहे बाप्पा. लोकायनं बोंब केली."

डोंगरसिंग एवढा चालत आला होता, तर बसला. फेरी सुरू झाली. पूल आला, गाडी थांबली आणि जमलेल्या माणसांत खांब की माणूस यावर जुंपली. कोकिळेच्या मते माणूस. दोघांच्या मते खांब. एकजण म्हणाला बुजगावणं. डोंगरसिंग उठला, टीव्हीपाशी गेला आणि काचेला नाक लागेपर्यंत वाकला.

"हा मी आहे," तो म्हणाला.

हशा पिकला. मोतीबिंदूवाला माणूस तेवढा बाकी होता साक्षीला!

"हसू नोका. पूल सरला का उजव्या हाताले. मी तिथंच उभा राहो." त्याने पिशवी मांडीवर घेतली. "अठ्ठ्याऐंशी साली मले नोकरीचा कॉल आलता. कंडक्टरचा. यवतमाळले अकरा वाजता हजर राहा म्हणून. मी हात केला. गाडी थांबली नाई. दुसऱ्या दिवशी पोचलो तं जागा भरली म्हणे." तो पंजाबरावांकडे न बघता बोलत होता. "तू होता गाडीवर. तोंड बाहेर काढून पाह्यलं बी तुनं मले."

सदतीस वर्षं दोघं बाजारात भेटत होते, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात जेवले होते आणि हा विषय कधी निघाला नव्हता. पंजाबरावांनी डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला.

"मी म्हटलं होतं ड्रायव्हरले," ते म्हणाले. "सायेब, माणूस आहे, थांबा. गाडी लेट होती. तो म्हणे खांब आहे, तू कोळसा टाक."

"मंग?"

"मंग काय? टाकला कोळसा. मी फायरमन होतो."

डोंगरसिंगने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाला, "आता तं तूच चालवून राह्यला ना? मंग थांबत जा."

एवढंच मागणं होतं. पण त्याने पंजाबरावांच्या बढतीचा पार बट्ट्याबोळ केला. डोंगरसिंगने डोळे दाखवायचं रहित केलं आणि तो दिवसभर खुर्चीशेजारी बसून राहिला. पूल आला की पिशवी उचलून उभा राही, धोतर सावरी, पागोटं नीट करी, मग सावकाश खाली बसे आणि म्हणे, "हां, चढलो." तोवर गाडी हलवायची नाही. पडद्यावरचं घड्याळ पळत असे.

"लवकर चढ ना बाप्पा!" चौथ्या फेरीला पंजाबराव कळवळून ओरडले.

"माह्ये गुडघे दुखते, भिया."

"अबे, पण तू घरातच बसून आहे ना!"

"आता घरात आहे. तवा कुठं होतो?"

शनिवारी सहा फेऱ्या झाल्या आणि सहाही वेळा उर्वशीने तेच वाचून दाखवलं: उशीर झाला, तुम्ही फायरमनच राहाल. सहाव्यांदा तर तुळसाबाईंनीच स्वयंपाकघरातून म्हणून दाखवलं.

रविवारी दुपारी दोन वाजता शेवटची फेरी लागली. यानंतर वायरी काढायच्या होत्या. अंगण, ओटा, बैठक सगळीकडे माणसं. पंजाबराव दाढी करून बसले होते. आणि त्या दिवशी त्यांनी गाडी काय चालवली म्हणून सांगू! वाफेचा काटा एका जागी ठरलेला. पाणी ना कमी ना जास्त. कोळशाचं बटण ते फावड्याच्या लयीत दाबत होते, खांद्यापासून. चढावर इंजिन दमलं नाही, उतारावर उधळलं नाही. बावीस वर्षं दुसऱ्याच्या हाताकडे बघून शिकलेलं सगळं बाहेर येत होतं. उर्वशी बघत होती. हा माणूस खरंच चांगला ड्रायव्हर झाला असता. फार चांगला झाला असता.

पुलावर गाडी आली तेव्हा उर्वशी हळूच म्हणाली, "आबा, अर्धा मिनिट थांबलं तं जमते. त्याच्यावर नको."

डोंगरसिंग पिशवी घेऊन उभा राहिला. "मी आज पटकन चढतो," तो म्हणाला.

पंजाबरावांचं बोट ब्रेकच्या बटणावर होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, पांढरी रेघ पाहिली, पुन्हा घड्याळ पाहिलं. अर्ध्या मिनिटात जमलं असतं. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचं अर्धं मिनिट किती मोठं होतं ते त्यांनी कालपासून सहा वेळा बघितलं होतं. आणि पुन्हा कधी हा कॉम्प्युटर घरात येणार होता?

"खांब आहे," पंजाबराव म्हणाले. त्यांचं बोट ब्रेकवरून निघून कोळशावर गेलं.

रेघ बाजूने सरकून गेली. पोरांनी टाळ्या पिटल्या. "गेली, गेली! आता टाइमात पोचते!" डोंगरसिंग उभाच होता. कोकिळेने त्याला "बसा ना बापू" म्हटलं, तरी तो पिशवी धरून तसाच उभा राहिला, आणि पंजाबरावांनी त्याच्याकडे मान वळवली नाही. तिसरं स्टेशन, चौथं, पाचवं, सहावं. सातव्यात गाडी शिरली तेव्हा वेळेला दीड मिनिट बाकी होतं. फलाटाच्या अगदी टोकाला, चाक एक तसूभर इकडे-तिकडे न होता ती थांबली.

घरात एकच कल्ला झाला. तुळसाबाई वाटीत साखर घेऊन बाहेर आल्या. दोन दिवस वैतागल्या होत्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. बढतीचा कागद आला होता त्या महिन्याच्या त्या साक्षीदार होत्या. त्यांनी सगळ्यांदेखत नवऱ्याच्या तोंडात साखर घातली. पंजाबराव खुर्चीतून उठले, रुमाल काढला, केसांवरून हात फिरवला.

पडदा काळा झाला. मग अक्षरं उमटली. या वेळी एका ओळीच्या जागी तीन ओळी होत्या. उर्वशीने त्या मनात वाचल्या आणि ती मोठ्याने वाचेचना.

"वाच ना पोट्टे! आता कायले लाजते?"

"आबा..."

"वाच म्हणतो ना."

उर्वशीने वाचलं. "पुलापुढे रुळांवर काम करणारा माणूस तुम्हाला थांबण्यासाठी हात करत होता. तुम्ही थांबला नाही. तुम्हाला पुन्हा क्लीनर करण्यात येत आहे."

साखर पंजाबरावांच्या तोंडात तशीच राहिली. आतापर्यंत ते दर फेरीला थांबले होते, म्हणून खेळाने कधी हू की चू केलं नव्हतं. थांबणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. ओट्यावरच्या कोणीतरी विचारलं, "म्हंजे माणूसच होता का?" हळूहळू माणसं चपला शोधू लागली.

डोंगरसिंग मात्र पुढे आला. टीव्हीच्या काचेला नाक लावून त्याने ती अक्षरं पाहिली. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं, आणि आलं असतं तरी दिसलं नसतं.

"पोरी, ते पह्यलं पुन्हा वाच."

"पुलापुढे माणूस होता, हात करत होता," उर्वशी म्हणाली.

"विंग्रजीत बी तसंच लिवलं? माणूस म्हणून?"

"हो बापू. माणूस म्हणूनच."

"मंग बरं," डोंगरसिंग म्हणाला.

"डोंगरसिंग, बस ना," पंजाबराव म्हणाले. "आणखीन एक फेरी घेतो. थांबतो मी. चांगला पाच मिनिटं थांबतो."

"काही गरज नाई, भिया. तुह्या पोरीची एसटी चुकन." त्याने पागोटं सारखं केलं, तुळसाबाईंनी पुढे केलेल्या वाटीतली चिमूटभर साखर घेतली आणि पिशवी घेऊन तो पायऱ्या उतरला. गुडघे दुखत होते तरी बराच चटपट उतरला.

उर्वशी वायरी काढायला वाकली आणि थांबली. आजोबा पुन्हा खुर्चीत बसले होते. पडद्यावर शेडमध्ये उभं असलेलं इंजिन आलं होतं आणि त्याखाली खेळ नव्या क्लीनरला विचारत होता, की पुसायला सुरुवात करायची का.

"काय म्हणते तो?" पंजाबरावांनी विचारलं. उर्वशीने सांगितलं. त्यांनी रुमाल डोक्याला बांधला आणि हो म्हणायचं बटण कोणतं ते तिला विचारलं.